जुनं ट्विन हाताळताना: पायपर सेनेकाच्या निमित्ताने

सीपीएलचे, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सचे, दोनशे तास पूर्ण करताना बहुतेकांचे शेवटचे पंधराएक तास ट्विनवर होतात. तोवर सिंगल इंजिनवर हात बसलेला असतो, जरा ऐटही आलेली असते, आणि मग समोर येतं पन्नास वर्षांपूर्वीच्या आराखड्याचं, दोन इंजिनांचं, सहा लिव्हरचं विमान. हँगरमध्येही तीच गत. बी१.२ लायसन्ससाठी (पिस्टन विमानांच्या देखभालीचा परवाना) अनुभवाचे महिने मोजणारी मुलं सेस्ना १७२ ची शंभर तासांची तपासणी सराईतपणे उरकतात. ट्विनचं काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, उघडलं की मात्र हात कुठे घालायचा इथपासून प्रश्न पडतो. हा लेख या दोघांसाठी आहे. उडवणाऱ्याने सांभाळणाऱ्याचं काम समजून घ्यावं आणि सांभाळणाऱ्याने उडवणाऱ्याचं, म्हणून दोन्ही बाजू एकत्रच घेतो.

उदाहरण पायपर सेनेकाचं घेतलंय, कारण आपल्याकडच्या फ्लाइंग स्कूलांमध्ये वर्षानुवर्षं दिसणारं जुनं ट्विन ते हेच. अझ्टेक, बॅरन किंवा सेस्ना ३१० हाती आलं तरी रीत तीच, आकडे मात्र त्या त्या विमानाच्या हँडबुकातून घ्यायचे. सेनेकातही मॉडेल बदललं की आकडे बदलतात, आणि मेंटेनन्स मॅन्युअलपुढे माझ्या किंवा कुणाच्याच लेखाला किंमत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. दोन इंजिनांचा सगळ्यात मोठा फायदा हवेत एक बंद पडल्यावर मिळतो, असं सगळ्यांना वाटतं. माझ्या मते तो जमिनीवर, रोजच्या रोज मिळतो. एकाच विमानावर, एकाच हवेत, एकाच पायलटच्या हाताखाली चालणारी दोन सारखी इंजिनं तुमच्यासमोर असतात. एकात काही बिनसायला लागलं की दुसऱ्याशी ताडून ते लवकर कळतं. सिंगलवाल्याला ही सोय नाही. तेव्हा डावं-उजवं ताडून पाहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. ही युक्ती कुठे चालत नाही तेही पुढे येईल, आणि तीच ठिकाणं सगळ्यात धोक्याची आहेत.

पहिली पायरी: कुठलं मॉडेल आहे ते नीट ओळखा

पहिली सेनेका १९७१ साली आली. तिला लायकॉमिंगची चार सिलिंडरची, दोनशे हॉर्सपॉवरची दोन इंजिनं होती, टर्बो नव्हता. सत्तरच्या दशकाच्या मध्यात सेनेका टू आली, कॉन्टिनेंटलची सहा सिलिंडरची टीएसआयओ-३६० इंजिनं घेऊन. शक्ती तेवढीच, पण टर्बोचार्जर (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) आल्यामुळे ती उंचीवरही टिकायला लागली. १९८१ च्या सेनेका थ्रीमध्ये टेकऑफची शक्ती २२० हॉर्सपॉवर झाली. बाहेरून तिन्ही जवळपास सारख्या दिसतात. त्यामुळे एकीचे पाठ केलेले आकडे दुसरीवर वापरायचा मोह होतो, तो आवरा.

सगळ्या सेनेकांचे प्रोपेलर उलटसुलट फिरतात. कॉकपिटमधून पाहिलं तर डावा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, उजवा विरुद्ध. त्यामुळे या विमानाला क्रिटिकल इंजिन नाही. कुठलंही बंद पडलं तरी त्रास सारखाच. पायलटसाठी ही चांगली बातमी, स्टोअरकीपरसाठी नाही. उजव्या इंजिनाच्या नावाआधी ‘एल’ लागतो, आणि त्याचा कॅमशाफ्ट, स्टार्टर, मॅग्नेटो (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) हे उलट्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनासाठीचे वेगळे असतात. डाव्याचा सुटा भाग उजव्याला लागेलच असं नाही, आणि ‘एल’चे भाग मिळायला वेळ लागतो. डब्यावरचा पार्ट नंबर कॅटलॉगशी जुळवल्याशिवाय सील फोडू नका.

दुसरी पायरी: आधी कागद, मग पाना

विमानाला हात लावायच्या आधी लॉगबुकं काढा: एअरफ्रेमचं एक, इंजिनांची दोन, प्रोपेलरची दोन. ट्विनमध्ये इंजिनांचे तास सारखे असतात हा गैरसमज आहे. कधीतरी एक इंजिन ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण उघडून पुन्हा बांधायला, गेलेलं असतं, दुसरं नाही. म्हणून दोन रकान्यांचा एक साधा तक्ता करा: ओव्हरहॉलनंतरचे तास, ओव्हरहॉलची तारीख, मॅग्नेटो शेवटची कधी उघडली, व्हॅक्यूम पंप कधी बदलला, होज कधीचे, प्रोपेलर कधी ओव्हरहॉल झाला.

तासांइतकीच तारीखही महत्त्वाची, आणि जुन्या विमानांत तीच जास्त विसरली जाते. लायकॉमिंग आणि कॉन्टिनेंटल दोघेही तासांबरोबर बारा वर्षांची कॅलेंडर मर्यादा सांगतात. वर्षाला शंभर तास उडणाऱ्या विमानाचे बारा वर्षांत बाराशे तास होतील; कागदावर आयुष्य शिल्लक दिसेल, पण आतली रबरं आणि सील तेवढं थांबत नाहीत. मॅग्नेटोची दर पाचशे तासांची तपासणीही अशीच नजरेतून सुटते, कारण मॅग्नेटो शेवटपर्यंत बरी चालते आणि मग एकदम दगा देते.

एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे एडी, हे सुरक्षेसाठीचे सक्तीचे आदेश. सेनेकाच्या बाबतीत ते अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाकडून, एफएएकडून, येतात आणि ते आपल्याकडेही पाळावे लागतात. विमानाचं, इंजिनाचं, प्रोपेलरचं आणि वर बसवलेल्या प्रत्येक उपकरणाचं एडी वेगळं शोधावं लागतं. केबिन हीटरचं उदाहरण घ्या. हा हीटर चक्क पेट्रोल जाळून हवा तापवतो, आणि त्याच्या ज्वलनकक्षाला भेग आहे का ते पाहण्यासाठी ठरावीक मुदतीने प्रेशर टेस्ट करायची एडी आहे. आपल्या हवेत तो हीटर कुणी वर्षानुवर्षं लावलेला नसतो. म्हणून काही ती सुटत नाही. एक तर टेस्ट करा, नाहीतर एडीत सांगितल्याप्रमाणे हीटर रीतसर निकामी करून तशी पाटी लावा.

तिसरी पायरी: वॉक-अराउंड

चेकलिस्टमध्ये सगळं आहे, ते परत सांगत नाही. चेकलिस्टमध्ये नसलेल्या दोन गोष्टी तेवढ्या सांगतो.

पहिली म्हणजे प्राणिमात्र. कुंभारीण माशी दोन दिवसांत पिटो ट्यूब (वेग मोजायची नळी) किंवा टाकीचा व्हेंट (हवेचं छिद्र) मातीने लिंपून टाकते. साळुंक्या आणि चिमण्या काउलिंगच्या तोंडातून आत शिरून सिलिंडरच्या मागे घरटं करतात. तिथे हवेचा मार्ग अडला की तो सिलिंडर तापतो, आणि सुकलेल्या गवताला आग लागते ती वेगळीच. टॉर्च घेऊन दोन्ही काउलिंगमध्ये मागपर्यंत डोकावा. डाव्यात गवताची काडी सापडली तर उजवंही पुन्हा पाहा.

दुसरी म्हणजे डाग. पांढरट-राखाडी किंवा विटकरी ओघळ एक्झॉस्टच्या जोडाशी दिसला तर तिथून गरम वायू गळतोय. निळसर डाग म्हणजे इंधन वाळून गेलंय. दोन्ही नेसेलच्या, म्हणजे पंखावरच्या इंजिनांच्या खोळींच्या, खालचा पत्रा रोज पुसून घ्या, म्हणजे आजचा डाग आजचाच आहे हे कळेल. तेलाने माखलेल्या नेसेलवर नवी गळती शोधणं अशक्य आहे.

चौथी पायरी: इंधन

इथे डावं-उजवं ताडून काही हाती लागत नाही, कारण चुकीचं इंधन दोन्ही टाक्यांत सारखंच जातं.

ही इंजिनं ॲव्हगॅस १००एलएलवर चालतात. रंग निळा. जेट इंधन म्हणजे रॉकेलचंच शुद्ध भावंड, फिकट पिवळसर किंवा बिनरंगी. जेट इंधन टाकीत गेलं तरी इंजिन सुरू होतं, रन-अपही (टेकऑफआधीची इंजिन तपासणी) ठीक होतो, कारण पाइपांत जुनं ॲव्हगॅस शिल्लक असतं. टेकऑफनंतर मिश्रण सिलिंडरपर्यंत पोचतं, डेटोनेशन (इंधन नीट जळण्याऐवजी स्फोटासारखं फुटणं) सुरू होतं आणि दोन्ही इंजिनं थोड्याच अंतराने जातात. २०१४ साली अमेरिकेत लास क्रूसेसला सेस्ना ४२१ असंच पडलं, चार जण गेले. २०१९ साली इंडियाना राज्यात कोकोमोला एअरोस्टार पडलं. दोन्ही पिस्टन ट्विन, दोन्हींत जेट इंधन भरलेलं. जुन्या विमानांच्या काउलिंगवर मोठ्या अक्षरात ‘टर्बो’ लिहिलेलं असतं आणि इंधन भरणाऱ्या नव्या पोराला ते टर्बोप्रॉप, म्हणजे जेट इंधनावर चालणारं विमान, वाटतं. टर्बो सेनेकाच्या टाकीच्या झाकणाशेजारची ‘१००एलएल’ची पाटी वाचता येते का ते म्हणूनच पाहायचं. पुसट झाली असेल तर नवी लावा.

इंधन भरताना स्वतः उभे राहा. पावती वाचा. दोन्ही बाजूंचे सगळे ड्रेन काढून रंग पाहा, वास घ्या. शंका आली तर पांढऱ्या कागदावर थेंब टाका: ॲव्हगॅस उडून जातं, जेट इंधनाचा तेलकट वर्तुळाकार डाग राहतो. निळ्या रंगावर एकट्यावर विसंबू नका, कारण दोन्हींचं मिश्रणही थोडं निळंच दिसतं.

आपल्याकडे ॲव्हगॅस बराच काळ बाहेरून यायचं. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने आपल्या गुजरात रिफायनरीतलं ॲव्हगॅस बाजारात आणलं. लहान धावपट्ट्यांवर ते बऱ्याचदा बॅरलमधून येतं. बॅरल उभं ठेवलं की पावसाचं पाणी वरच्या कडेत साचतं आणि रात्री बॅरल गार झालं की बुचातून आत ओढलं जातं. म्हणून बॅरल आडवं ठेवावं, नाहीतर तिरकं करून बुचं पाण्याच्या वर राहतील असं. विमानावरच्या टाकीच्या झाकणाची ओ-रिंग कडक झाली असेल तर तिथूनही पाणी जातं. रात्रभर पाऊस पडल्यावर सकाळी एक कप ड्रेन करून भागत नाही. पाणी दिसायचं थांबेपर्यंत काढा, आणि पंख थोडे हलवून पुन्हा काढा.

पाचवी पायरी: रन-अप आणि फेदर

रन-अपला आकडा बरोबर आला की पुढे जायचं, असं सिंगलवर चालून जातं. ट्विनवर प्रत्येक आकडा जोडीने वाचा. मॅग ड्रॉप (एक मॅग्नेटो बंद केल्यावर आरपीएम किती पडतं तो आकडा) मर्यादेत आहे, पण डावीकडे ६० आणि उजवीकडे १३०? उडायला हरकत नसेल, पण लिहून ठेवा. कालपर्यंत उजवीकडेही ६०-७० च होता का, हा खरा प्रश्न. तेलाचा दाब, सिलिंडरचं तापमान, त्याच आरपीएमला लागणारं मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब), सगळ्याचं तसंच. सक्शन गेजवर दोन लाल टिपके असतात, एकेका व्हॅक्यूम पंपासाठी. एक पंप गेला तरी सक्शन हिरव्यातच राहतं, आणि टिपक्याकडे न पाहणारा पायलट दुसरा पंप जाईपर्यंत निर्धास्त असतो.

प्रोपेलरचं गणित नवख्यांना नेहमी उलटं वाटतं, म्हणून थोडं थांबू. सिंगलच्या कॉन्स्टंट-स्पीड प्रोपेलरमध्ये सहसा तेलाचा दाब ब्लेडला कोर्सकडे (जास्त कोनाकडे) नेतो आणि तेल गेलं की ब्लेड फाइनला (कमी कोनाला) येतं. ट्विनमध्ये नेमकं उलट. तेलाचा दाब ब्लेडला फाइनकडे ढकलून धरतो. काउंटरवेट, स्प्रिंग आणि हबमधला दाबाखालचा नायट्रोजन ब्लेडला फेदरकडे, म्हणजे हवेला कड दाखवणाऱ्या कोनाकडे, ओढत असतात. तेल गेलं की प्रोपेलर आपोआप फेदरकडे जातो, आणि इंजिन मेल्यावर तेच हवं असतं. मग रोज इंजिन बंद करताना तो फेदर का होत नाही? कारण आत छोट्या खिळ्या आहेत. आरपीएम साधारण ८०० च्या खाली उतरलं की त्या बाहेर येऊन ब्लेडला अडवतात.

यातून हवेतला एक नियम निघतो, आणि तो पाठच हवा: बंद पडलेलं इंजिन फेदर करायचं असेल तर आरपीएम ८०० च्या खाली जायच्या आत. इंजिन पूर्ण जॅम होऊन थांबलं किंवा वेग फार कमी झाला, तर लिव्हर मागे ओढून काहीही होणार नाही.

रन-अपमध्ये फेदर तपासताना लिव्हर मागे नेऊन लगेच पुढे आणा. हँडबुकात सांगितल्यापेक्षा आरपीएम जास्त उतरू देऊ नका. पाहायचं ते दोन्ही बाजूंचा वेग. एक प्रोपेलर चटकन प्रतिसाद देतो आणि दुसरा आळसावलेला वाटतो, तर थंड तेलामुळे असेल. लिव्हर दोन-तीनदा पुढेमागे करून गरम तेल हबमध्ये जाऊ द्या. तरीही फरक राहिला तर गव्हर्नर, हबमधला गॅसचा दाब किंवा केबलचं रिगिंग. हा स्नॅग, म्हणजे नोंदवायचा दोष, आहे, विमान परत हँगरला.

टर्बो सेनेकावर थ्रॉटल हळू ढकला. सेनेका टूला वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप) ठरावीक जागी पक्का बसवलेला असतो, म्हणजे टर्बोचा दाब आपोआप सांभाळणारा वेस्टगेट नाही. आरपीएम आणि वेग वाढतील तसं मॅनिफोल्ड प्रेशर मागाहून चढत राहतं. लाल रेषा ४० इंचांवर आहे. ३६-३७ वर थांबा, धाव घेताना काटा चढू द्या, मग उरलेलं द्या. शेवटी बंद करण्याआधी इंजिनं काही मिनिटं आयडलवर ठेवा, टर्बो निवू द्या.

सहावी पायरी: टेकऑफचा निर्णय जमिनीवरच घ्या

अर्धी शक्ती गेली म्हणजे अर्धी चढण उरली, असं होत नाही. विमानाला नुसतं सरळ उडत राहायलाच बरीच शक्ती लागते. चढायला जी वरची शिल्लक असते तीच पहिली जाते. एक इंजिन गेलं की चढण ऐंशी-नव्वद टक्क्यांनी घटते. अमेरिकेच्या ज्या जुन्या नियमांखाली ही विमानं प्रमाणित झाली, त्यांत सहा हजार पौंडांपर्यंतच्या आणि ६१ नॉटपर्यंत स्टॉल स्पीड असलेल्या ट्विनने एका इंजिनावर चढलंच पाहिजे अशी अटच नव्हती. किती चढतं किंवा किती उतरतं, एवढं मोजून द्यायचं. सेनेका याच गटात बसते.

पूर्ण वजनाला, समुद्रसपाटीवर, प्रमाणित हवेत सेनेका टू एका इंजिनावर मिनिटाला सुमारे २२५ फूट चढते. पहिल्या सेनेकाची एका इंजिनावरची सर्व्हिस सीलिंग आहे ३,६५० फूट, म्हणजे त्या उंचीवर मिनिटाला जेमतेम ५० फूट चढण उरते. आता नागपूर घ्या. विमानतळ समुद्रसपाटीपासून हजारएक फुटांवर. मे महिन्यात दुपारी ४३ अंश असतील तर डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणावरून ठरणारी उंची) साडेचार हजारांच्या वर जाते. म्हणजे पूर्ण भरलेली पहिली सेनेका तिथे चाकं उचलायच्या आधीच आपल्या एका इंजिनाच्या कुवतीबाहेर गेलेली असते. टर्बोवाल्या सेनेका टूचं तसं होत नाही, पण तिच्याही इंजिनांना त्या हवेत गार राहायला त्रास होतोच.

म्हणून रनवेवर जाण्याआधी मोठ्याने बोलून घ्या. चाकं खाली आहेत आणि पुढे धावपट्टी शिल्लक आहे तोवर काहीही झालं की दोन्ही थ्रॉटल मागे आणि सरळ समोर. चाकं वर घेतल्यानंतर, ब्लू लाइन (एका इंजिनावर सगळ्यात चांगली चढण देणारा वेग) गाठलेली असेल तरच पुढे जायचा विचार. सेनेका टूला ब्लू लाइन ८९ नॉट आणि व्हीएमसीची (एका इंजिनावर विमान ताब्यात राहण्याचा किमान वेग) लाल रेषा ६६ नॉट. व्हीएमसीच्या खाली चालू इंजिनाची ताकदच विमानाला पालथं घालते. तिथे एकच इलाज: नाक खाली, चालू इंजिनाची शक्ती कमी. डोळ्यासमोर जमीन असताना हे करायला जीव धजत नाही, म्हणून ते आधी उंचीवर इन्स्ट्रक्टरबरोबर पुन्हा पुन्हा करायचं.

इंजिन गेल्यावर क्रम असा: मिक्श्चर, प्रोपेलर, थ्रॉटल पुढे; चाकं आणि फ्लॅप वर; ज्या पायावर जोर लागत नाही त्या बाजूचं इंजिन मेलेलं; त्याचं थ्रॉटल मागे घेऊन खात्री; मग फेदर. खात्रीची पायरी गाळू नका. घाईत चालू इंजिन फेदर केल्याची उदाहरणं जगभर आहेत.

सातवी पायरी: काउलिंग उघडल्यावर

पन्नास तासांना तेल आणि फिल्टर. जुना फिल्टर फेकायचा नाही, कापायचा. कटरने डबा उघडा, आतला घड्यांचा कागद सुरीने सोडवून पसरा, स्वच्छ सॉल्व्हेंटमध्ये खळखळून घ्या आणि तळाशी राहिलेला गाळ पांढऱ्या कपड्यावर गाळा. आता चुंबक फिरवा. चिकटलं ते पोलाद: कॅम, लिफ्टर, गिअर. न चिकटणारी चांदीसारखी चकाकी म्हणजे ॲल्युमिनियम, बहुधा पिस्टन किंवा पिस्टन पिनचं टोक. पिवळसर असेल तर ब्राँझच्या बुश. थोडी चमक प्रत्येक इंजिनात असते. किती चालेल ते उत्पादकाच्या बुलेटिनमध्ये आहे. माझी पद्धत अशी की डाव्याचा आणि उजव्याचा कपडा शेजारी शेजारी टाचायचा, तारीख घालायची आणि मागच्या वेळची जोडी वर टाचलेली ठेवायची. चार जोड्या झाल्या की कुठलं इंजिन बिघडतंय ते प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी भिंतीवर दिसतं.

शंभर तासांना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरतो त्याची तपासणी. इंजिन गरम असताना, दोन माणसांनी मिळून. एकाने प्रोपेलर घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने हवा सोडायची, कारण सिलिंडरमध्ये ८० पीएसआय गेले आणि पिस्टन वरच्या टोकापासून जरा सरकला की प्रोपेलर हिसका मारतो. हात मोडायला तेवढं पुरतं. धरणाऱ्याने ब्लेडच्या कक्षेत डोकं आणायचं नाही. दुसऱ्या गेजवर किती टिकतं तो आकडा: ७४, ७१, ५८. आता आवाज ऐका. एक्झॉस्टच्या नळकांड्यात फुसफुस असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. इनटेकमध्ये असेल तर इनटेक व्हॉल्व्ह. तेल भरायच्या तोंडाशी असेल तर रिंगा. रिंगांची फुसफुस सगळ्याच सिलिंडरांत थोडी असते. व्हॉल्व्हची नसते.

कॉन्टिनेंटलवर एक लक्षात ठेवा: खालची मर्यादा ठरावीक आकडा नाही, ती त्या दिवशी त्याच टेस्टरवर मास्टर ऑरिफिस (ठरावीक मापाचं छिद्र असलेला तुकडा) लावून काढायची असते. त्यामुळे लायकॉमिंगवर वाढलेल्या माणसाला घाबरवणारा आकडा इथे चालू शकतो. आकड्याबरोबर बोअरस्कोप (आत डोकावायची कॅमेऱ्याची नळी) घाला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरचे तांबूस डाग गोल आणि सारखे असतील तर ठीक. एका कडेला चंद्रकोरीसारखा वेगळा, हिरवट रंग दिसला तर तो व्हॉल्व्ह जळायला लागलाय, मग कॉम्प्रेशन ७० असलं तरी.

टर्बोच्या मागच्या एक्झॉस्ट पाइपला धरणारी व्ही-बँड कपलिंग फुटली तर हजारएक अंशांचा झोत फायरवॉलवर येतो. स्पॉट-वेल्ड केलेल्या, अनेक तुकड्यांच्या कपलिंगवर २०२३ मध्ये एफएएने पाचशे तासांची मर्यादा घातली. आपल्या विमानावर कुठली आहे ते पाहा, आणि नट कसताना सांगितलेल्या टॉर्कच्या वर जाऊ नका.

आठवी पायरी: चाकं

सेनेकाची चाकं वर धरायला कुलूप नाही, हायड्रॉलिक दाबावरच ती वर राहतात. गळती असली तर उडताना पंप मधूनमधून आपोआप चालू होतो. तो आवाज कानावर आला की लिहा. विमान जॅकवर घेऊन गिअर स्विंग (चाकं वर-खाली करून पाहणं) कराल तेव्हा इमर्जन्सी फ्री-फॉलही (हायड्रॉलिक दाब सोडून चाकं आपसूक खाली येऊ देणं) कराच, आणि नाकाचं चाक खरंच कुलुपात बसतंय का ते वाकून डोळ्यांनी पाहा. ढकलगाडीचा दांडा लावून विमान वळवताना नाकाच्या चाकाच्या मर्यादेपलीकडे वळवलं की तिथली जोडणी वाकते, आणि ती तशीच उडते.

नवीन पायलटला हमखास घाबरवणारी गोष्ट: दिवसा नॅव्हिगेशन लाइट चालू राहिले की तीन हिरवे दिवे आपोआप मंद होतात आणि उन्हात दिसतच नाहीत. चाकं उतरली नाहीत म्हणून टॉवरला कळवण्याआधी तो स्विच पाहा.

नववी पायरी: पावसाळ्यात उभं असलेलं विमान

ताडून पाहणं इथेही चालत नाही, दोन्ही इंजिनं सारखीच गंजतात. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. तेल निथळून गेलं की जून-जुलैच्या दमट हवेत कॅमवर गंज धरतो. कॉन्टिनेंटलचा कॅम खाली असतो, पण सिलिंडरच्या भिंती तिथेही उघड्याच. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं ग्राउंड रन देऊन इंजिन ‘हलतं’ ठेवायची आपल्याकडे फार रीत आहे. ती बंद करा. त्याने तेल पुरतं तापत नाही, उलट ज्वलनातलं पाणी तेलात जमतं. लायकॉमिंगचं म्हणणं असं की महिन्यातून निदान एकदा तासभर, तेलाचं तापमान १६५ फॅरनहाइटच्या, म्हणजे ७४ सेल्सिअसच्या वर नेऊन उडवा. प्रोपेलर हाताने फिरवायचा नाही. उरलंसुरलं तेल पुसलं जातं.

उडवणं जमणार नसेल तर प्रिझर्व्हेशन ऑइल भरा, स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलचे प्लग लावा आणि एक्झॉस्ट, ब्रीदर बंद करा. जेल निळं असतं, ओल धरली की गुलाबी होतं. दोन्ही इंजिनांचे प्लग आठवड्याला पाहून बदलायला एक माणूस नेमा. जुहूसारख्या समुद्राकाठच्या ठिकाणी यात कंट्रोल केबल आणि सीटचे रेल धरा. मीठ तिथे आधी पोचतं.

दहावी पायरी: स्नॅग लिहिणं

‘राइट इंजिन रफ’ एवढं टेक लॉगमध्ये लिहिलं की हँगरमध्ये इंजिन सुरू करतात, ते नीट चालतं, ‘ग्राउंड रन सॅटिस्फॅक्टरी’ असं उत्तर येतं आणि दुसऱ्या दिवशी दुसरा विद्यार्थी तोच थरकाप घेऊन उतरतो. पूर्ण लिहा: कितव्या मिनिटाला, किती उंचीवर, मॅनिफोल्ड प्रेशर आणि आरपीएम किती, मिक्श्चर रिच होतं की लीन, फ्युएल फ्लो किती, बूस्ट पंप लावून फरक पडला का, आणि त्याच क्षणी डाव्या इंजिनाचे हेच आकडे काय होते. गुडघ्यावरच्या पॅडवर दोन रकाने आखलेले असले की यात अर्धा मिनिट जातो. उत्तर तरीही ‘सॅटिस्फॅक्टरी’ आलं, तर सही करण्याआधी इंजिनिअरला विचारा, नक्की काय उघडून पाहिलं. चांगला एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) या प्रश्नाचा राग मानत नाही. तो तुम्हाला काउलिंगपाशी नेऊन दाखवतो.